धुराचा खरा आकडा

९ जानेवारी

वहिनी,

फोनवर बोलायला गेले की मला रडू येतं, आणि रडत रडत सूड घेता येत नाही. म्हणून लिहितेय. तूही लिहूनच उत्तर दे.

माझं काम तुला ठाऊक आहेच. देशातल्या प्रत्येक वीज केंद्राने किती वीज काढली, किती कोळसा जाळला आणि चिमणीतून किती कर्बवायू सोडला, ते आकडे आमच्या कार्यालयात येतात. आम्ही तपासतो आणि वेबसाइटवर टाकतो. कोणीही उघडावेत, कोणीही वाचावेत. वाचत कोणी नाही ही गोष्ट वेगळी. दादाच्या केंद्राचे आकडे माझ्या टेबलावर येत नाहीत. सख्ख्या बहिणीकडे ते कसे देतील? मीही ते कधी उघडून बघितले नव्हते. छातीच झाली नाही. परवा रविवारी मात्र घरी बसून उघडले, रस्त्यावरचा कोणीही माणूस उघडेल तसे.

दादावर आरोप काय होता? चिमणीतलं यंत्र जे मोजतं त्याला एका गुणकाने गुणतात. तो गुणक त्याने खाली ओढला, म्हणजे धूर तेवढाच पण जगाला दिसणारा आकडा कमी. तो जीव तोडून सांगत होता की मी गुणकाला हात लावला नाही, साहेबांनी लावला. कोणी ऐकलं नाही. केंद्राच्या प्रमुखाने, तुमच्या त्या गोडसाहेबांनी, डोळ्यांत पाणी आणून पत्रकारांना सांगितलं, 'माझ्याच माणसाने माझा केसाने गळा कापला.' पेपरात 'आकडेचोर' असं छापून आलं. मग दादाने दाढी करणं सोडलं, बाहेर पडणं सोडलं, आणि पुढच्या वर्षी कामगार न्यायालयाबाहेरच्या बाकावर, सुनावणीची वाट बघत बसल्या बसल्या गेला.

आता ऐक. दादाला काढल्यावर थोडे दिवस आकडे वर गेले. मग परत हळूहळू खाली आले, आणि आजतागायत खालीच आहेत. कोळसा तेवढाच जळतोय, वीज तेवढीच निघतेय, वायू मात्र कमी. वहिनी, चोर पकडला, चोर हाकलला, चोर मेलासुद्धा, आणि चोरी चालूच आहे.

आत्ता बोंब मारली तर 'नजरचुकीने झालं' म्हणतील आणि दुरुस्त करून मोकळे होतील. फेब्रुवारीअखेर वर्षाचं निवेदन जातं. त्यावर साहेबाला स्वतः सही करावी लागते की हे सगळे आकडे खरे आहेत. ती सही होऊ दे. मग मी त्याला असा धरणार की त्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही.

एकच सांग. दादाच्या जागेवर हल्ली कोण आहे?

तुझी,
धाकटी

२२ जानेवारी

वन्सं,

पत्र पोचलं. वयाने तुम्ही माझ्याहून लहान, पण नणंद म्हटली की मान द्यावा लागतो, आणि चिडलेली नणंद म्हटली की दुप्पट. तेव्हा तुम्ही म्हणाल तसं लिहूनच बोलते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिमणी समोरच दिसते. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ बघत उभी राहिले. धुराकडे बघून काही कळत नाही हो. हे होते तेव्हाही तसाच निघायचा, आता हे नाहीत तरी तसाच निघतो.

त्यांच्या जागेवर कोण आहे ते विचारलंत. आहे म्हणे कोणीतरी नवीन. मी काही गेटाकडे जात नाही.

गोडसाहेब मागच्या आठवड्यात येऊन गेले. चौकशी केली, चहा घेतला. न्हाणीघराचा नळ गळत होता तो त्यांच्या लक्षात आला, दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून बदलून दिला. बोलतात असं की मुंग्या लागाव्यात.

चिंगी बरी आहे. एका ठिकाणी कामाला लागलीय. सकाळी जाते, संध्याकाळी येते, जेवते, गप्प बसते. बापाची पोर आहे.

तुम्ही फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबायचं म्हणालात ते मला पटलं. तेवढं थांबाच. त्याआधी कोणाजवळ अवाक्षर काढू नका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

तुमची,
वहिनी

४ फेब्रुवारी

वहिनी,

चहा दिलास? त्याला?

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस धड जेवले नाही. दादाने ज्या कपातून चहा प्यायला त्यातलाच एखादा पुढे केला असशील, बशीसकट. आणि नळ दुरुस्त झाला म्हणे. दादाची किंमत एक नळ ठरली का? तुला लिहायलाही काही वाटलं नाही. वरून मला सांगतेस, थांबा. मला कळतं गं. क्वार्टर त्यांचं, पाणी त्यांचं, वीज त्यांची. माणसाला छप्पर लागतं. पण निदान तसं तोंडाने म्हण तरी.

आता मला थांबवत नाही, सही होवो न होवो. आमच्या कार्यालयात कालच पत्रक आलं. मार्चच्या मध्यावर मोठा समारंभ आहे. 'सर्वांत स्वच्छ वीज केंद्र' म्हणून दादाच्याच केंद्राचा गौरव होणार, तो घ्यायला गोडसाहेब येणार, आणि एप्रिलपासून ते मुख्यालयात संचालक होणार. एकदा का तो त्या मजल्यावर चढला की माझ्यासारखीला त्याच्या दारातला शिपाईसुद्धा आत सोडायचा नाही.

मी तक्रार लिहून काढलीय. सोबत आलेख आहेत, सगळे आमच्याच वेबसाइटवरून घेतलेले. येत्या सोमवारी वर्तमानपत्रांकडे आणि मंत्रालयात एकदमच जाईल. तुला कळवायचं म्हणून कळवतेय. परवानगी मागत नाहीये.

धाकटी

८ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र सोमवारच्या आत तुमच्या हातात पडावं म्हणून माणसाबरोबर पाठवतेय. पाया पडते, तक्रार धाडू नका.

त्यांच्या जागेवर चिंगी आहे.

मी तुमच्याशी खोटं बोलले. आता सगळं सांगते. हे गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशीच साहेब आले. म्हणाले, झालं ते वाईट झालं, पोरीने यंत्रांचंच शिक्षण घेतलंय, तिला बापाच्या जागी घेतो, तुम्हीही क्वार्टरमध्ये राहा. फक्त ती न्यायालयातली केस मागे घ्या, मेलेल्या माणसाची बदनामी कशाला वाढवायची. मी सही करून दिली. केस मागे घेतली. ते ज्या सुनावणीसाठी बाकावर बसून गेले, ती मी माझ्या हाताने पुसून टाकली. आता वाटेल ते म्हणा.

तेव्हा वाटलं होतं, पोरीचं पोट चालेल. नंतर नंतर कळत गेलं. रोजच्या आकड्यांखाली हल्ली तिची सही असते. तुमची तक्रार गेली की साहेब तिच्याकडे बोट दाखवणार आणि म्हणणार, बाप तशी लेक. त्यांनी तिला उपकार म्हणून ठेवलेलं नाही, ढाल म्हणून ठेवलंय.

कपाचं विचारलंत. यांचा कप मी कोणाला देत नाही.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तक्रार पाठवली नाही. आलेख फाडून टाकले. तसेही ते जगाला दिसतातच, फाडून काय होणार.

तुला शिव्या द्यायच्या होत्या. चारदा पत्र लिहायला घेतलं आणि चारदा टाकून दिलं. केस मागे घेतलीस हे मी विसरणार नाही, पण त्याबद्दल परत बोलणारही नाही. राग आहे तो दुसऱ्यावर. काय डोकं आहे बघ त्या माणसाचं. बापाला खड्ड्यात लोटलं आणि लेकीला खड्ड्याच्या तोंडावर झाकण म्हणून बसवलं. कोणी उचलायला गेलं की पहिला हात तिच्यावर पडणार.

मी हरले. आमच्या वरिष्ठबाईंनी तर कडीच केलीय. समारंभात मागे एक मोठा पडदा असणार, त्यावर सगळ्या केंद्रांचे त्या क्षणाचे आकडे थेट दिसणार. कमी वायूवाल्यांचे पट्टे हिरवे, जास्तवाल्यांचे लाल. पडद्यापाशी कार्यालयाचं कोणीतरी उभं हवं, म्हणून माझी नेमणूक झालीय. त्याच्या गळ्यात हार पडताना मी दहा पावलांवर उभी असणार, आणि त्याचा हिरवा पट्टा हिरवाच राहील याची काळजी घेणार. आजारपणाची रजा टाकावी म्हणतेय.

धाकटी

२४ फेब्रुवारी

वन्सं,

रजा टाकू नका. जा. चांगले कपडे घाला आणि पडद्याला खेटून उभ्या राहा.

तुमची तिन्ही पत्रं मी चिंगीला वाचायला दिली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल. तिने ती शांतपणे वाचली, घडी घातली, आणि विचारलं की समारंभ कुठल्या तारखेला, किती वाजता. मग जेवता जेवता म्हणाली, "आई, आत्याला सांग, काही पाठवू नकोस म्हणावं. मला एक तपासणी करायची आहे."

मला त्यातलं फारसं कळत नाही. तिने सांगितलं ते असं. यांच्या प्रकरणानंतर गुणकाला कुलूप लावलं. आता तो फक्त साहेबांच्या पासवर्डने बदलतो, दुसऱ्या कोणाच्या हातात नाही. म्हणजे आज जो खोटेपणा आहे तो एकट्या त्यांचा. तिची सही फक्त यंत्र चालू होतं एवढ्यापुरती. पण यंत्राची अधूनमधून तपासणी करावी लागते, ती करायची जबाबदारी तिची. तपासणी चालू असेपर्यंत साहेबांचा गुणक बाजूला होतो आणि यंत्राला जे दिसतं तेच ते बोलतं. नियम सांगतो की वीज काढणारा संच पूर्ण भाराने चालू असताना तपासणी करा. साहेब नेहमी तो बंद असतानाच करायला लावतात, म्हणजे दाखवायला काही उरत नाही.

"या वेळी मी नियमाप्रमाणे करणार," म्हणाली. "साहेब त्या दिवशी इथे नसणारच आहेत."

मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणाली, साहेबांनी नोकरी देऊ केली तेव्हाच तिने ठरवलं होतं की कधीतरी हा दिवस काढायचा. केस मागे घेऊन मी तिला वाचवलं असं मला वाटत होतं, आणि ती तर माझ्या डोळ्यांदेखत वर्षभर दबा धरून बसली होती. वन्सं, त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले.

निवेदनावर साहेबांनी काल सही केली. पेढे वाटावेत तसं गोड हसत होते म्हणे.

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

तुला वाटत असेल मी हे घाईघाईत लिहितेय. नाही. काल रात्री घरी आले, पाय धुतले, पोटभर जेवले, झोपले. सकाळी उठून, चहा घेऊन, सावकाश लिहितेय. चवीने.

सभागृह भरलं होतं. पडद्यावर पट्ट्यांची रांग, त्यात त्यांचा पट्टा सगळ्यांत बुटका आणि सगळ्यांत हिरवा. साहेब बोलायला उभे राहिले. आवाज काय गोड, वहिनी. प्रामाणिकपणा म्हणजे काय यावर बोलत होते. येणाऱ्या पिढ्यांबद्दल बोलत होते. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं, नजर त्यांच्या पट्ट्यावर होती.

मग त्यांचा पट्टा हलला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. थोडा वर सरकला, पिवळा झाला, आणि चढतच गेला. शेजारच्या पट्ट्यांना मागे टाकून लाल झाला. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. लोक त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्या डोक्यावरून मागे बघत होते. बोलणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. ते वळले. वहिनी, त्यांनी पडद्याकडे बघितलं तेव्हाचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि विसरायचाही नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं की हे काय आहे. ते हसले. हसता आलं त्यांना. म्हणाले, "यंत्रावर एक नवीन मुलगी आहे. तिची काहीतरी चूक झालेली दिसते."

मला तिथे बोलायची परवानगी नव्हती. माझं काम फक्त पडदा सांभाळायचं. मी ध्वनिक्षेपक उचलला आणि म्हणाले, "साहेब, तिच्या आधीच्या माणसाचीही चूकच होती ना? तो गेल्यावर ती चूक कोण करत होतं?"

आणि मागच्या वर्षांचे आकडे पडद्यावर टाकले. चोरून मिळवलेलं एक अक्षर नव्हतं त्यात. दादाला काढलं तो दिवस, त्यानंतरची चढण, त्यानंतरची घसरण. सगळं जगासाठी उघडं होतं, आज जगाने फक्त बघितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं की हा गुणक आता कोणाच्या पासवर्डने बदलतो. ते पाणी प्यायले. बाईंनी परत विचारलं.

ते उतरून जाताना माझ्याजवळ थांबले, हळू आवाजात विचारलं, कोण तुम्ही. मी सांगितलं, "आकडेचोराची बहीण."

चिंगीला जवळ घे. मी वरिष्ठबाईंच्या बोलावण्याची वाट बघतेय. ते यायचंच आहे.

धाकटी

३ एप्रिल

वन्सं,

चिंगीला चौकशीला बोलावलं होतं. तिने तपासणीचा नियम वाचून दाखवला आणि विचारलं, यातलं मी काय मोडलं? त्यांनी तिला परत पाठवलं. साहेब निलंबित आहेत. मोठा संच बंद ठेवलाय.

संच बंद म्हणजे निम्मी कॉलनी घरी. शेजारीण माझ्याशी बोलत नाही. तिचा नवरा कंत्राटावर होता. परवा वाण्याच्या दुकानात मी गेले तर बायका बाजूला सरकल्या, पूर्वी 'आकडेचोराची बायको' म्हणून सरकायच्या तशाच. चिंगीला ते लागतं. मला नाही लागत. सवय आहे.

साहेब आले होते. गाडी नव्हती, चालत आले. म्हणाले, पोरीने एवढंच म्हणावं की तपासणी करताना हात चुकला, मग सगळं निभावेल. म्हणाले मलाही मुलं आहेत. मग रडले. खरं रडले की कोण जाणे, पण नाक गळत होतं.

मी बोलायचं खूप काही ठरवून ठेवलं होतं, दोन वर्षं भांडी घासता घासता ठरवत होते. ऐन वेळी एकच विचारलं. "यांची सुनावणी दर वेळी पुढे ढकलली जायची, ती तुमच्या सांगण्यावरून?"

त्यांनी नाक पुसलं. मग म्हणाले, "वहिनी, मला वाटलं होतं ते कंटाळून सोडून देतील."

मी दार लावलं. आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ आला नाही, म्हणजे तिथेच उभे होते. वन्सं, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

दादाला काढल्याचा आदेश रद्द झाला. 'दोष आढळला नाही' असं लिहून आलंय, सोबत नक्कल पाठवतेय. मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे वेबसाइटवर दुरुस्त केलेत, तेही बघ. मी मात्र ते करायला नव्हते. परवानगीशिवाय बोलले म्हणून माझी टपाल विभागात बदली झालीय. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारते. मजेत आहे.

तू आणि चिंगी आता माझ्याकडे या. तिथे कशाला राहायचं? बोलायला कोणी नाही, बघायला ती चिमणी.

धाकटी

२९ एप्रिल

वन्सं,

बोलावलंत, तेवढ्यानेच डोळे भरले. चिंगीला पाठवते. तिला तुमच्याच गावात एका प्रयोगशाळेने बोलावलंय, शनिवारी येईल. मी मात्र इतक्यात यायची नाही.

कारण सांगते. साहेबांचा बंगला काढून घेतलाय. चौकशी संपेपर्यंत त्यांना कॉलनी सोडायची नाही, म्हणून आमच्याच रांगेत कोपऱ्यावरचं लहान क्वार्टर दिलंय. रोज सकाळी हजेरीची सही करायला त्यांना गेटावर जावं लागतं. रस्ता एकच, माझ्या दारावरून जातो.

मी ओट्यावर खुर्ची टाकून बसते. काही बोलत नाही. शिवी देत नाही, हसत नाही. हातात काही निवडायला घेते आणि ते येताना दिसले की मान वर करून बघते, ते वळेपर्यंत. परतीच्या वेळीही तसंच. सुरुवातीला ते 'नमस्कार वहिनी' म्हणायचे, आता नुसतेच खाली बघून जातात. कालपासून कुंपणाच्या बाजूने, गटाराच्या चिखलातून जायला लागलेत. मी खुर्ची त्या बाजूला फिरवली.

चिंगीला हे आवडत नाही. म्हणते, "आई, बाबांचं नाव स्वच्छ झालं. आता पुरे." तिचं कदाचित बरोबर असेल. ती यांच्यावर गेलीय, यांच्याही मनात कोणाबद्दल फार दिवस राहायचं नाही. तुम्ही यांच्या पाठच्या, पण तुमचा पिंड वेगळा. म्हणून तुम्हाला विचारते. पुरे करू का?

वहिनी

५ मे

वहिनी,

चिंगी पोचली. जेवली, झोपली. तिने मलाही तेच सांगितलं, आईला समजाव म्हणून. मी हो म्हटलं.

ऊन वाढलंय. खुर्ची सावलीत घे, आणि बस. महिनाअखेरीला मला रजा मिळतेय, मीही येते. दुसरी खुर्ची काढून ठेव.

धाकटी